आधी पाणी, मग प्रवाळ

अगं, तुझी ती लांबलचक यादी वाचली. स्किमर, डोसिंग पंप, महागडा दिवा, आणि सगळ्यात खाली ‘ताई, हे आम्हाला परवडेलसं वाटत नाही’. खरं सांगू का, त्यातलं अर्धं सामान तुला लागणारच नाही. न्यू जर्सीतल्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये कोरलचे छोटे तुकडे कमी पैशांत छान वाढवता येतात. काच, दिवा, शोभा यांवर खुशाल हात आखड. पाण्यावर मात्र आखडायचा नाही.

टाकी म्हणशील तर ‘ट्वेंटी लाँग’ घे, म्हणजे 20 गॅलनची, 30 इंच लांब, 12 रुंद, 12 उंच. ती उथळ आहे म्हणूनच घ्यायची. साध्या दिव्याचा उजेडही तळापर्यंत पोचतो आणि आपला हातही. जुनी चालेल, पण विकणाऱ्याला विचार, माशांच्या आजारावर हिच्यात कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? हो म्हणाला तर दुसरी शोध. माशांना सोसतं तेवढं तांबं कोरलला आणि गोगलगाईंना मारतं. घरी आणलीस की बाथटबमध्ये भरून दोन दिवस ठेव, गळते का ते कळेल. आणि हो, टीव्हीच्या स्टँडवर ती मांडायची नाही! पाऊणशे लिटर पाणी म्हणजे पाऊणशे किलोंच्या वर वजन, दगड आणि काच वेगळी.

आता पाणी. नळाचं चालणार नाही, बघ. त्यात क्लोरामाइन असतं, फॉस्फेट असतं, जुन्या पाइपांतून तांबंही उतरतं. पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआयचं छोटं यंत्र सिंकच्या नळाला लावता येतं, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. तेही आत्ता जमत नसेल तर माशांच्या दुकानातून कॅन भरून आण. पाण्यात विरघळलेलं मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. त्यात समुद्री टाकीसाठीचंच मीठ घालायचं. क्षारता हजारी 35 ठेव, म्हणजे विशिष्ट घनता 1.026 च्या आसपास. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे आणि तो जुळवायचं 35 चं द्रावणही सोबतच घे, नाहीतर तो काय दाखवतोय त्याला काही अर्थ नाही.

उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोज जेवढी पातळी उतरेल तेवढं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हिवाळ्यात हीटिंग चालू असलं की पाणी फार उडतं, आणि लहान टाकीत क्षारता भराभर चढते. डिसेंबरात तुम्ही भारतात जाता ना? मग आपोआप पाणी भरणारं यंत्र ही चैन समजू नकोस, दिव्याच्या पैशांतून काप आणि ते घे.

कोरडे दगड टाकलेस की उपयोगी जिवाणू वाढायला बहुतेक महिना-दीड महिना जातो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेपर्यंत कोरल आणायचं नाही. दिवाही बंदच ठेव, नाहीतर शेवाळ आधी मुक्कामाला येईल. आणि पुढेही नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नकोस गं. आपल्याला घासून-पुसून लख्ख करायची सवय, पण अगदी रिकाम्या पाण्यात कोरल उपाशी राहतं आणि डायनोफ्लॅजेलेट्सचा चिकट तपकिरी थर माजतो. पाच-दहा पीपीएम असू दे. तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच. आदर्श आकडा गाठण्यापेक्षा आहे तो न हलवणं जास्त महत्त्वाचं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंस तर सुरुवातीच्या मऊ कोरलसाठी डोसिंगची गरजच पडत नाही.

हीटरचा आतला थर्मोस्टॅट अडकला तर सगळं शिजून निघतं, म्हणून वेगळा कंट्रोलर लाव. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर घे, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. प्लग जीएफसीआयचाच, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा.

तुकडे ठेवायला महागडा रॅक नको. ट्यूबलाइटखाली लावतात ती पांढऱ्या चौकड्यांची प्लास्टिकची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती कापून घे. चिकटवायला सायनोअॅक्रिलेटचा जेल. सुरुवात मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप, केनिया ट्री यांनी कर. अॅक्रोपोरा कितीही सुंदर दिसलं तरी वर्षभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

झोअँथिड जातीची कोरलं मात्र माझं ऐकून लांब ठेव, तुझी मुलं लहान आहेत. त्यांच्यातल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. पुढे कधी आणलेस तर हातमोजे आणि गॉगल घालूनच हात लावायचा, आणि ते बसलेला दगड कधीही उकळायचा नाही. त्या वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत.

पुण्याच्या नणंदेला हे बघून हौस आली तर तिला आधीच सांग, भारतात जमायचं नाही. तिथे 2001 पासून दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. आणि ते योग्यच आहे. इथेही घेताना टाकीतच वाढवलेला तुकडा माग, समुद्रातून तोडलेला नको.

कोरल कापायची भीती वाटते म्हणालीस. अगं, फ्लोरिडात मोट प्रयोगशाळेच्या डेव्हिड वॉन यांच्या हातून 2006 मध्ये एल्कहॉर्न प्रवाळ चुकून तुटलं, आणि त्याचे बारीक तुकडे अख्ख्या प्रवाळापेक्षा कितीतरी वेगाने वाढताना दिसले. आज रीफ पुन्हा उभारताना तीच रीत वापरतात. तू मशरूम धारदार ब्लेडने उभं चीर. ते बुळबुळीत असतं, गोंदाला दाद देत नाही. म्हणून वाटीत दगडाचा चुरा घालून त्यावर तुकडे ठेव आणि वरून जाळी बांध. आठवडा-दोन आठवड्यांत आपणहून चिकटतात.

पहिली फोड वाढली की ती विकायची घाई नको. टाकी चांगली चाललेल्या कुणाला तरी दे. बर्लिनच्या डिट्रिख श्ट्युबर यांनी अॅक्रोपोराचे तुकडे असेच वाटले आणि ते युरोपभर टाक्याटाक्यांतून पोचले. तुझी टाकी एखाद्या वीज गेलेल्या रात्री बसली, तर तोच तुकडा त्या घरून परत आणता येतो.

दगड या आठवड्यात घे, कोरलचं नाव महिनाभर काढू नकोस. मीठ कालवलंस की फोन कर, रिफ्रॅक्टोमीटर आपण व्हिडिओवर मिळून वाचू.