मुलांची झोप आणि मुलांचा अभ्यास

मूल वर्गात चुळबुळ करते, क्षुल्लक कारणावरून रडते, काल पाठ केलेले आज विसरते. अशा मुलास हूड किंवा मठ्ठ म्हणून आपण मोकळे होतो. काही वर्षांपूर्वी सोलापुरात अशाच एका मुलास आम्ही सर्वांदेखत रागे भरलो. पुढे त्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा पाहिले की, बिऱ्हाड यंत्रमागाच्या शेडला लागूनच होते आणि माग मध्यरात्रीपर्यंत चालत असे. त्या मुलास उणीव होती ती बुद्धीची नव्हे, तर झोपेची. आम्ही मनात ओशाळलो.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. ज्वारी मळून झाली तरी ती कणगीत भरेपर्यंत शेतकऱ्याच्या जिवास स्वस्थता नसते. विद्येचेही तसेच आहे. दिवसा शिकलेले प्रथम मेंदूच्या एका भागात तात्पुरते राहते. गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा उजळून कायमच्या स्मृतीत भरून ठेवतो. म्हणून रात्र जागून केलेले पाठांतर बहुधा टिकत नाही.

मनोविकारांचेही असेच आहे. झोप अपुरी झाली म्हणजे भय व क्रोध जागविणारा मेंदूचा भाग अधिक चेततो आणि त्यास आवर घालणारा पुढील भाग दुबळा पडतो. शिवाय मोठा मनुष्य पेंगतो, तर लहान मूल पुष्कळदा उलट अधिकच दंगा करते. त्यामुळे त्याचे खरे दुखणे ओळखू येत नाही.

किती झोप पुरेशी? निद्रारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०१६ साली सांगितलेले प्रमाण असे: ३ ते ५ वर्षांच्या मुलांस दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांस ८ ते १० तास.

आपल्या राज्यातही याचा विचार झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याविषयी सुचविले. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला. परंतु शाळा उशिरा भरते म्हणून मूलही उशिरा निजू लागले, तर लाभ तो कोणता? उठण्याची वेळ शासन सैल करील. निजण्याची वेळ आईबापांनीच राखिली पाहिजे.

गरिबाच्या घरी हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. गळीत हंगामात ऊसतोड करणारी कुटुंबे पहाटेच्या अंधारात फडात जातात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर उठतात. वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली रात्री डोळा लागत नाही. तथापि जे हाती आहे ते करावे. निजण्याची वेळ रोज एकच ठेवावी. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा. त्याच्या उजेडाने मेंदूस अद्यापि दिवस आहे असे वाटते. लहानग्यास दुपारी निजू द्यावे. आपल्या सायंकाळच्या उपासनाही लेकरे पेंगू लागण्यापूर्वी आटोपाव्यात.

आणि उपदेशक बंधूंनो, उद्या एखादे मूल वर्गात चुकले, तर छडी उचलण्यापूर्वी त्यास जवळ घेऊन एवढेच विचारा: “बाळा, रात्री झोप झाली का?”