बिनतारी संदेश व अनेक अँटेनांची जोडणी

विहिरीवरील पंप घरूनच चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टर आतां गांवोगांवीं दिसूं लागले आहेत. शेतीपंपांस वीज पाळीपाळीनें, पुष्कळदां रात्रींची मिळते. अशा वेळीं काळोखांत, चिखलांतून, सर्पभय सोसून मळ्यांत जाण्याचा त्रास या यंत्रानें वांचतो. परंतु त्याचा सर्व भरंवसा बिनतारी संदेशावर. ऊंस लहान असतां जो संदेश बिनचूक पोंचत असे, तोच ऊंस डोक्यावर गेला म्हणजे अडखळूं लागतो. कारण ओल्या पानांत लहरी कांहीं शोषल्या जातात व कांहीं विखुरतात. यावर उपाय म्हणून कित्येक बागाईतदार बाजारांतून ‘बूस्टर’ आणून बसवितात. त्यांनीं तसें कां करूं नये, व हीच अडचण शास्त्रज्ञांनीं कोणत्या मार्गानें दूर केली, हें येथें सांगावयाचें आहे.

संदेश दुर्बळ असतो म्हणूनच चुकतो, ही समजूत अर्धवट आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर शेतावर एकाच वाटेनें येत नाहीं. एक सरळ येते, दुसरी टेकडीवर आपटून, तिसरी गोठ्याच्या पत्र्यावरून परतून. विहिरींत दोन खडे टाकले असतां जेथें दोन तरंगांचे उंचवटे मिळतात तेथें पाणी अधिक उचंबळतें, व जेथें एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यांत पडतो तेथें तें जवळजवळ स्थिर राहतें. या लहरींचेंहि तसेंच. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ३३ सेंटिमीटर लांब असते. म्हणून संदेश उत्तम येण्याची जागा व मुळींच न येण्याची जागा यांत अनेकदां वीतभरहि अंतर नसतें. अशा रित्या जागीं बूस्टर वाढविणार काय? तो संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करितो. शिवाय आपला गोंगाट मनोऱ्याकडे फेंकून सबंध शिवारांतील मोबाईल बिघडवितो. परवान्यावांचून तो बसविणें कायद्यानें मना आहे, हें आणखी निराळेंच.

आतां एकाऐवजीं दोन अँटेना अर्ध्या लहरीइतक्या अंतरावर ठेवले, तर एक रित्या जागीं सांपडला तरी दुसरा बहुधा भरल्या जागीं असतो. एकावर दहांपैकीं एक संदेश हुकत असेल, आणि दोघांचें हुकणें परस्परांवर अवलंबून नसेल, तर दोन्हींवर एकदम तो हुकण्याचा प्रसंग शंभरांत एकदांच येईल. अमेरिकेंत बेव्हरेज व पीटरसन यांनीं दूरदूर उभारलेल्या अनेक एरियलांनीं संदेश घेण्याची पद्धति १९३१ सालीं प्रसिद्ध केली, तिचें मर्म हेंच. अर्ध्या लहरीचें अंतर मात्र जमिनीलगतच पुरतें. उंच मनोऱ्यावर तें कितीतरी अधिक ठेवावें लागतें.

याहून मोठा लाभ अँटेना एका तालांत जोडल्यानें होतो. चौघे गडी एकाच हांकेसरशीं धोंड उचलतात तेव्हां चौघांचें बळ एकत्र येतें; बाजारांतले चौघे आपापल्या परी ओरडले तर तसें होत नाहीं. चार अँटेनांवरील संदेश ताल जुळवून एकत्र केला असतां त्याची उंची चौपट होते, पण गोंगाट विस्कळीत असल्यामुळें त्याची उंची दुपटीवरच राहते. शक्तीच्या हिशोबानें संदेश सोळापट आणि गोंगाट चौपट, म्हणजे संदेशाची स्वच्छता चौपट. ताल जुळवावयाचा म्हणजे ज्या अँटेनावर लहर आधीं पोंचली तेथें तिला क्षणभर थोपवून धरावयाचें. हें थोपविणें कमीअधिक केलें कीं अँटेना न हलवितां सर्व जोडणीचा रोख फिरतो. स्ट्रासबुर्ग येथें ब्राउन यांनीं तीन अँटेनांवर हा प्रयोग १९०५ सालीं करून दाखविला. रोख जसा संदेशाकडे वळवितां येतो, तसा उपद्रवी लहरीकडे बहिराहि करितां येतो. चार अँटेनांनीं अशा तीन दिशा बंद करितां येतात.

आपल्या मुलखांतहि ही विद्या नवी नाहीं. १९२७ सालीं इंग्लंडशीं जी ‘बीम’ तारायंत्रसेवा सुरू झाली, तिचें प्रक्षेपण खडकीहून व ग्रहण दौंड येथें होत असे. उंच खांबांवर तारांच्या रांगा पडद्यासारख्या टांगून, मागें परावर्तक तारा लावून, लहरींचा झोत इंग्लंडच्या रोखानें सोडीत. पुढें १९९२ सालीं पुण्यांत जन्मलेले थॉमस कैलाथ व खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून नौदलांत गेलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनीं अमेरिकेंत पेटंटासाठीं अर्ज केला. तें १९९४ सालीं मिळालें. दोन्ही टोकांस अनेक अँटेना लावून एकाच लहरसंख्येवर निरनिराळे संदेश एकदम पाठवावयाचे, ही ती युक्ति. टेकडीवरून परतणाऱ्या ज्या लहरींस उपद्रव मानीत, त्यांसच तिनें कामास लाविलें. आजच्या मोबाईल मनोऱ्यावरील उभ्या पांढऱ्या पेटीच्या आंत अशाच अँटेनांची ओळ असते.

शेतावर करावयाचें तें इतकेंच. स्टार्टरचा अँटेना लोखंडी पेटींत कोंडूं नये. बाहेर, उंसाच्या शेंड्यांवर येईल असा खांबास बांधावा, आणि पक्का करण्यापूर्वीं चार-चार बोटें सरकवून पाहावा. मनोरा दूर असेल तर यागी अँटेना घ्यावा. दूरदर्शनसाठीं छपरावर असे तोच हा दांड्यांचा अँटेना. उदा व यागी या जपानी संशोधकांचें हें १९२६ सालचें काम वस्तुतः एक जोडणीच आहे. तो त्या लहरसंख्येचाच असावा व त्याचें आंखूड दांड्यांचें टोंक मनोऱ्याकडे असावें. यंत्रास दोन अँटेनांची सोय असेल तर दुसरें भोंक रिकामें ठेवूं नये. एक डावीकडे व एक उजवीकडे कलता लावावा. जोडतार आंखूड घ्यावी, कारण पातळ तारेच्या दहा मीटरांत निम्म्याहून अधिक शक्ति खर्ची पडते. माळावरील खांब उंच झाला कीं त्यावर वीज पडण्याचें भय वाढतें, यास्तव तो जाड तांब्याच्या तारेनें जमिनीशीं जोडल्याखेरीज पावसाळ्यांत उभा करूं नये.