बंगलोरचे हार्लो विमान

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदुस्थानात विमाने बांधणारा एकही कारखाना नव्हता. वैमानिकीचे पहिले धडे ‘टायगर मॉथ’ या विलायती विमानावर गिरवावे लागत. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा, असे ते द्विपंखी विमान होते.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांना हे परावलंबन खटके. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या गृहस्थांशी पडली. पॉलींचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. तसा कारखाना आपल्या देशात का निघू नये, असे वालचंदांच्या मनाने घेतले. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन झाली.

१९४१ साली या कारखान्यातून पहिले विमान उडाले, ते ‘हार्लो’. त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील महाविद्यालयात मॅक्स हार्लो हे शिक्षक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने एक विमान बांधले. त्याच्याच धर्तीवर पुढे लष्करी शिक्षणाकरिता हे दुसरे विमान तयार झाले. त्याला पंखांची एकच जोडी होती. गुरू व शिष्य एकामागे एक बसत. परंतु अमेरिकेच्या लष्कराने ते घेतले नाही. त्याचे सुटे भाग बंगलोरला आले व तेथे जोडले गेले. दुसऱ्याचे भाग जोडण्यात कसली निर्मिती, असे कोणी म्हणेल. पण बंगलोरच्या कारागिरांचे हात याच कामावर बसले.

इतक्यात जपान युद्धात उतरला. नवी विमाने बांधण्यापेक्षा मोडकी विमाने तातडीने दुरुस्त करणे सरकारला निकडीचे वाटले. १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. कारखान्याजवळच्या बेळंदूर तलावात ‘कॅटलिना’ जातीची पाण्यावर उतरणारी विमाने दुरुस्तीसाठी येऊ लागली. हार्लोचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेच नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेले दहा आसनांचे ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमानही एका नमुन्यावरच थांबले.

घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञापाशी ते शिकले होते. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, आणि त्यांनी पुन्हा आराखडे मांडले. १९५१ साली त्यांचे ‘एच. टी. दोन’ हे विमान बंगलोरच्या आकाशात चढले. हेही शिकाऊ वैमानिकांचेच विमान, एका पंखजोडीचे आणि दोन आसनांचे. या वेळी मात्र अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि हवाई दलातील ‘टायगर मॉथ’ची जागा त्यांनी घेतली.