टाक्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवताना

ऑपरेशन व्यवस्थित झालं, चौथ्या दिवशी घरी सोडलं आणि सातव्या-आठव्या दिवशी जखम ठणकू लागली, असं अनेकदा होतं. जखमेतला जंतुसंसर्ग ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतो. कृत्रिम सांधा बसवला असेल तर त्याहूनही उशिरा. म्हणजे धोक्याचा बराचसा काळ पेशंट घरीच असतो. ‘आता टाके काढायच्या तारखेलाच दाखवू’ म्हणून थांबणाऱ्यांसाठी मोबाइल खरोखर उपयोगाचा आहे.

एडिंबरा इथे पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालेल्या ४९२ पेशंटांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने ठरलेल्या दिवशी मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं दिली आणि जखमेचे फोटो पाठवले. या गटात पहिल्या सात दिवसांत संसर्ग ओळखला जाण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती, आणि फॅमिली डॉक्टरकडच्या फेऱ्याही कमी झाल्या. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की फोटोसोबत उत्तरंही होती आणि ती बघायला सर्जरीच्या टीममधलं माणूस नेमलेलं होतं.

आपल्याकडे ॲप नसलं तरी व्हॉट्सॲप आहे. पण रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळीच जखम लालसर दिसते, आणि फ्लॅश मारला तर ओलसर भाग नुसता चमकतो. सकाळी खिडकीजवळ, रोज एकाच अंतरावरून फोटो काढा. एक जवळून, एक थोडा लांबून. चेहरा नको, तारीख हवी. फोटोसाठी डॉक्टरांनी बांधलेलं ड्रेसिंग सोडू नका. ते बदलायच्या वेळीच काढा.

सावळ्या त्वचेवर लाली फोटोत उठून दिसत नाही. तिथली कातडी जांभळट किंवा काळपट होते, कधी नुसतीच तुकतुकीत दिसते. म्हणून धुतलेल्या हाताची मागची बाजू टाक्यांपासून जरा दूर टेकवून बघा: कढत लागतंय का, कडक झालंय का? सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज रेघेबाहेर गेली, तर ते कळवा. ताप किती, दुखणं कालपेक्षा कमी की जास्त, वास येतो का, शुगर किती आली, हेही फोटोखाली लिहा. वास आणि ताप कॅमेऱ्यात येत नाहीत.

काही वेळा मात्र फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. १००.४ च्या वर ताप, पू, उसवलेले टाके, झपाट्याने पसरणारी सूज यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास अचानक गुलाबी पाण्याने ड्रेसिंग भिजलं, तर आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. पेशंटला आडवं झोपवा, जखमेवर स्वच्छ ओलं कापड ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.

जखमेवर हळद किंवा कुणी सुचवलेली पावडर टाकू नका. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मतं मागवू नका; दहा जणांच्या दहा सल्ल्यांत दोन दिवस जातात. डिस्चार्ज घेताना एवढं विचारा: फोटो कुणाला पाठवायचा, तो कधी बघितला जाईल आणि रात्री फोन कुणाला करायचा? तो नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.