शिक्षणसेवक होण्याआधी

शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीत चांगले गुण पडले आणि २०१९ मध्ये भरतीच्या पवित्र पोर्टलवरून मला रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. गाव माझं नांदेडकडचं. घरी पेढे वाटले गेले. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना ६,००० रुपये मानधनावर काढायची आहेत, हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. शेजारच्या वर्गावरच्या कायम शिक्षकाचं नुसतं मूळ वेतन किमान २९,२०० होतं. वर्ग दोघांनाही, पोषण आहाराच्या नोंदी दोघांनाही, निवडणुकीची ड्युटीसुद्धा.

खोलीभाडं, एसटी आणि किराणा यांतच मानधन संपायचं. शेवटी वडीलच कापूस विकून मला पैसे पाठवत. म्हणजे सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा अर्धा पगार एक कोरडवाहू शेतकरी देत होता. ज्याच्या घरी तेवढंही नाही, त्यानं काय करायचं? माझ्याबरोबर डी.एड. केलेली हुशार पोरं पोलीस भरतीकडे वळली, काही पुण्याला कंपनीत गेली. गणित सुरेख शिकवणारी मुलं होती ती. त्यांच्याबद्दल आजही हळहळ वाटते.

जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. चांगलं झालं, पण घर सोडून राहणाऱ्याला अजूनही ओढाताणच आहे. त्यात आम्ही लांबून आलेले लोक आंतरजिल्हा बदलीची वाट बघत राहतो. बदली झाली की कोकणातली शाळा पुन्हा रिकामी. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या, ही मागणी मी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत करतो.

तोवर नव्यांनी एवढं करावं. पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम भरताना फक्त जागांचा आकडा बघू नका, घरापासूनचं अंतर आणि खोलीभाडं आधी विचारा. नियुक्ती आदेश आणि रुजू अहवालाच्या प्रती जपून ठेवा. तीन वर्षं पुरी होत आली की नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात गेला का, हे स्वतः जाऊन बघा, आणि अर्जाची पोच घ्या. खासगी संस्थेत जाणार असाल, तर पद अनुदानित आहे का, वैयक्तिक मान्यता मिळाली का, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी कधी निघणार, हे कागदावर बघितल्याशिवाय हातची नोकरी सोडू नका. ‘मान्यता येईलच’ या तोंडी शब्दावर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवणारे लोक मी पाहिले आहेत. संस्थेनं पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.