रात्री बाराच्या अभ्यासाचं खूळ

पोरी, सकाळी तुला जाग येत नाही म्हणून घरातले करवादतात, ते आधी मनातून काढ. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन तुमच्या अंगात उशिरा पाझरतं, मग दहाला डोळा लागणार कसा? त्यात आळस कुठून आला? गरज मात्र आठ ते दहा तासांचीच. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस शाळेच्या वेळांवर बोलले, २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नऊच्या आत वर्ग नको असा आदेश काढला. पण चौथीपर्यंतच्या लेकरांसाठी! तुम्ही राहिलात तसेच.

म्हणून आपल्या हातात आहे तेवढं करू. सुरुवात रात्री नाही, सकाळी करायची. उठायची वेळ एकच, रविवारी फार तर तासभर उशीर. उठलीस की गच्चीवर जा, उजेड डोळ्यांवर पडू दे. पुस्तक घेऊन गेलीस तरी चालेल. मे महिन्यात सातलाच ऊन चावतं, तेव्हा सहाला उरकून घे.

उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर आडवं झालं की तीन तास कुठे जातात कळत नाही, अन् रात्री बाराला डोळे टक्क उघडे. पंचवीस मिनिटांचा गजर लाव, तोही चारच्या आत. संध्याकाळचा चहा बंद. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात.

रात्री झोप लागायला अंग थोडं थंडावं लागतं. तू कूलर लावून सगळ्या खिडक्या गच्च बंद करतेस, मग खोलीत नुसता दमटपणा साचतो. समोरची खिडकी हातभर उघडी ठेव, हवेला बाहेर जायला वाट दे. पावसाळा लागला की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा.

मोबाईल बैठकीत चार्जिंगला ठेव. गजराला माझं जुनं चावीचं घड्याळ ने. क्लासच्या ग्रुपवर मध्यरात्री कोणी पोट्टा 'आज चौदा तास केले' म्हणून बाता मारतो, त्या वाचून काहून जीव जाळायचा? दिवसा वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. झोप तोडून केलेला धडा परीक्षेत दगा देतो.

काळजीही रात्रीच मोठी दिसते, कारण थकलेल्या मेंदूला भीती आवरत नाही. निजण्याआधी वहीत लिहून टाक: 'केमिस्ट्रीत मार्क कमी आले. उद्या संध्याकाळी बाबांना सांगायचं. मोल कन्सेप्ट सरांना पुन्हा विचारायचं.' एवढं पुरे. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाहीच आली तर कुशी बदलत पडू नको, उठून मंद दिव्यात बस, डोळे जड झाले की परत ये.

पण पंधरा दिवस झोप नाही, जेवणावर मन नाही, मैत्रिणीही नकोशा, असं झालं तर हे घरचे उपाय बाजूला ठेवायचे. नागपूरच्या मेडिकल अन् मेयो या सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, मी येते सोबत. अन् जगणंच नको असं मनात आलं तर पंधरा मिनिटंही थांबायचं नाही. सरकारच्या टेलिमानस मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आहे, रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आईला सांगणं जड वाटलं तर मला उठव, दोन वाजले तरी. म्हाताऱ्यांचं घड्याळ उलटं सरकतं बाप्पा, चारनंतर तर मी जागीच असते.