नखाएवढे कोठार

(मेमरी कार्ड व पेनड्राइव्ह ही माहिती साठवण्याची साधने आज घरोघरी दिसतात. ती कशी पारखावीत आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ऐरोली लागते. ऐरोलीच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो येतात. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने खाडीचा हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला.

समजा, तुमच्या वर्गाची सहल तेथे गेली. तुम्ही गुलाबी पक्ष्यांच्या थव्याची पुष्कळ छायाचित्रे काढली. मोबाइलच्या कार्डात वर्षभराची छायाचित्रे आणि दादीच्या आवाजातील गोष्टीही साठवलेल्या होत्या. घरी येऊन पाहता, तर सहलीची छायाचित्रे उघडतच नाहीत! फक्त त्यांची नावे दिसतात. कार्डावर तर ‘६४ जीबी’ असे ठळक छापलेले होते. मग असे का झाले?

याचे उत्तर शोधण्यासाठी कार्डाच्या आत डोकावू या. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि मोबाइलची अंतर्गत साठवण या सर्वांत ‘फ्लॅश मेमरी’ असते. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. हिच्यात अतिशय सूक्ष्म असे अब्जावधी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार कोंडून ठेवला जातो. वीज बंद केली तरी तो भार आतच राहतो. म्हणून माहिती टिकते.

आता पाण्याच्या पेल्याचे उदाहरण घ्या. पेला भरलेला आहे की रिकामा, हे कोणीही सांगेल. पण त्याच पेल्यावर सोळा खुणा केल्या आणि पाणी कोणत्या खुणेवर आहे असे विचारले, तर थेंबभर गळतीनेही उत्तर चुकेल. फ्लॅशचेही तसेच आहे. काही प्रकारांत एका कप्प्यात भार आहे किंवा नाही एवढेच पाहतात. असा कप्पा महाग पडतो, पण सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येतो. स्वस्त प्रकारांत एकाच कप्प्यात आठ किंवा सोळा पातळ्या मोजतात. असे कप्पे फार तर काही हजार वेळा पुसता येतात. प्रत्येक वेळी पुसताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. म्हणूनच रात्रंदिवस चालणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी अधिक टिकाऊ कार्डे वेगळी मिळतात.

झीज हा वस्तूचा धर्म आहे. फसवणूक मात्र माणूस करतो. कार्डात एक छोटा नियंत्रक असतो. आपल्यात किती जागा आहे, हे तोच मोबाइलला सांगतो. बनावट कार्डात आठ जीबीचीच जागा असते, पण नियंत्रकाला ‘चौसष्ट’ म्हणायला शिकवलेले असते. पहिले आठ जीबी भरेपर्यंत सारे ठीक चालते. पुढची माहिती मात्र हरवते किंवा जुन्या माहितीवर लिहिली जाते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

मग खरे-खोटे कसे ओळखावे? छापील वेष्टनावर विसंबू नका, कारण वेष्टनही बनावट असू शकते. पक्की परीक्षा एकच. नवे कार्ड रिकामे असतानाच ते काठोकाठ भरा, काढून पुन्हा लावा आणि भरलेली प्रत्येक गोष्ट परत वाचून पाहा. हे काम करणाऱ्या ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ व ‘एफथ्री’ या आज्ञावली फुकट मिळतात. सेकंदाला दहा एमबी या वेगाने ६४ जीबी भरायला जवळजवळ पावणेदोन तास लागतात. वाचायला वेळ लागेल तो निराळा. पण आयुष्यभराच्या आठवणींपुढे दोन-चार तास म्हणजे काय मोठेसे?

एक गोष्ट लक्षात ठेवा. ६४ जीबीच्या कार्डावर काही संगणक ५९.६ एवढाच आकडा दाखवतात. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो. तसेच कार्डावर वर्तुळात छापलेला १० हा आकडा सेकंदाला किमान दहा एमबी लिहिण्याचा वेग सांगतो. कार्ड किती वर्षे टिकेल, हे तो सांगत नाही.

खरेदी करताना दुकानदाराला नम्रपणे विचारा, “काका, याचे पक्के बिल आणि हमीपत्र मिळेल का?” किंमत फारच कमी असेल, तर सावध व्हा. तुमच्या घरी म्हणतातच, ‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’

तरीही उत्तमातले उत्तम कार्डही एक दिवस बिघडते. वापर न करता पडून राहिले, तरी कप्प्यांतील भार हळूहळू गळतो. उष्णतेने ही गळती वाढते. ऐरोलीत आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा केंद्रांत महत्त्वाची माहिती एकाच यंत्रावर ठेवत नाहीत. तिच्या अनेक प्रती ठेवतात. कारण यंत्र केव्हातरी बंद पडणारच, हे तेथील लोक जाणतात. आपणही तसेच करावे. गुणपत्रिका असो वा दादीची गोष्ट, तिच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. वस्तू पारखून घ्यावी, पण आपला सारा ठेवा एकाच वस्तूच्या हवाली करू नये.

शब्दार्थ
कोठार – गोदाम. थवा – पक्ष्यांचा समूह. वेष्टन – वस्तूवरचे आवरण. विसंबणे – भरवसा ठेवणे. प्रत – नक्कल. हवाली करणे – सोपवणे.

स्वाध्याय
१. फ्लॅश मेमरीत माहिती कशी टिकून राहते?
२. कारण सांगा : बनावट कार्ड सुरुवातीला चांगले वाटते.
३. सेकंदाला ३० एमबी या वेगाने ६४ जीबीचे कार्ड भरायला किती वेळ लागेल?
४. तुमच्या घरातील कोणत्या आठवणींच्या दोन प्रती ठेवायला हव्यात? पाच वाक्ये लिहा.